नऊ दिवसांत ३.४ किलो उतरले, आता रात्री छाती धडधडते. हे ‘हर्बल’ म्हणजे नक्की काय?

हिशेबनीस:

मी हिशेब तपासणीचं काम करते. लोकांच्या खतावण्यांत कुठं पाणी मुरतंय ते शोधायचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे पुढचं लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते.

रात्री साडेअकराला मोबाइलवर जाहिरात आली. एक बाई स्वतःच्या जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभी, कमरेचा घोळ हातभर पुढे ओढून धरलेला. खाली ‘१००% वनौषधी. व्यायाम नाही, पथ्य नाही. २१ दिवसांत १० किलोपर्यंत वजन कमी*’. वर लाल घड्याळ: सवलत संपायला १४ मिनिटं ३२ सेकंद. ते सेकंद पळताना बघून माझा अंगठा आपोआप चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पान उघडलं तर घड्याळ पुन्हा १४:३२ वरून सुरू! तिथंच ओळखायला हवं होतं, पण पैसे भरून झाले होते आणि मीच त्या पैशांची वकिली करायला लागले होते.

सकाळी घ्यायच्या हिरव्या कॅप्सूल आल्या आणि रात्री झोपताना प्यायच्या ‘डिटॉक्स’ चहाच्या पुड्या. मी रोज सकाळी वजन वहीत मांडलं, हातची सवय. पहिल्या दिवशी ७८.६. नऊ दिवसांनी ७५.२. पथ्य काही केलं नाही, पण खरं सांगायचं तर भूकच लागत नव्हती.

चौथ्या दिवसापासून तोंडाला कोरड. रात्री दोन वाजता टक्क जागी. बोटाला लावायच्या यंत्रात नाडी १०८, तीही आडवी पडलेली असताना. सकाळी पोटात कळ येऊन दोन-तीनदा धावावं लागतं. परवा पोटरीत असा गोळा आला की लेक उठून आली.

ती म्हणते, बंद कर. पण काट्यावरचा आकडा खोटा कसा म्हणू? बाटलीवर सगळी वनस्पतींची नावं आहेत, रसायन एकही नाही. मग धडधडतंय कशानं? शहाणपण शिकवायला घरात लेक आहे. इथे कुणाला आतली माहिती असेल तर तेवढी द्या.

काउंटरमागचा:

ताई, आधी काम, मग गप्पा. दोन्ही आजच बंद करा. डॉक्टरांकडे जाताना बाटली, पुडी, खोका सगळं बरोबर न्या. बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, लिव्हरच्या तपासण्या, हे तुम्ही स्वतःहून विचारा. छातीत दुखलं, दम लागला किंवा भोवळ आली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी. थायरॉइड, बीपी, डिप्रेशन, गर्भनिरोधक यातली कसली गोळी चालू असेल तर तेही सांगा.

मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. तुमच्याकडे दोन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून दोन वेगळी उत्तरं.

चहाचं सोपं आहे. पुडीच्या मागे बारीक अक्षरात ‘कॅसिया अँगुस्टिफोलिया’ किंवा ‘सेन्ना’ दिसतंय का बघा. म्हणजे आपली सोनामुखी. बद्धकोष्ठासाठी चार दिवस घ्यायला चांगलं औषध आहे, मी स्वतः देतो. पण ती काम करते मोठ्या आतड्यात, आणि अन्नातल्या कॅलरी त्याच्या बऱ्याच आधी, लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. म्हणजे बाहेर जातं ते पाणी, मळ आणि क्षार. चरबी जिथल्या तिथे. त्या क्षारांत पोटॅशियम असतं. ते घसरलं की पोटरीत गोळे येतात आणि हृदयाची लयसुद्धा बिघडू शकते. शिवाय जुलाबात दुसऱ्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, म्हणून वर विचारलं.

आता वजनाचा हिशेब, तुमच्याच भाषेत. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. नऊ दिवसांत ३.४ किलो चरबी जायची तर रोज सुमारे २,९०० कॅलरींची तूट हवी. तुम्ही पूर्ण उपाशी राहिलात तरी इतकी पडणार नाही. मग उतरलं काय? शरीरात चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवलेलं असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भूक मेली, खाणं घटलं, की हा साठा आधी रिकामा होतो आणि दीड-दोन किलो तिथेच उतरतं. उरलेलं बरंचसं चहानं काढलं. थोडी चरबी गेलीही असेल. तुमचा काटा खरं बोलतोय, पण काय गेलं ते त्याला कळत नाही.

कॅप्सूलची मला जास्त काळजी वाटते. भूक मरणं, तोंड कोरडं, झोप उडणं, नाडी वाढणं हे चारही एकत्र आले की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं सिब्युट्रामिन. हे भूक मारणारं औषध एकेकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं. हृदयविकार असलेल्यांत हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघात वाढतात असं मोठ्या चाचणीत दिसलं आणि २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. दुकानातून गेलं आणि ‘हर्बल’च्या बाटलीत शिरलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात ज्या ७७६ पूरक उत्पादनांत भेसळ पकडली, त्यात ३१७ वजन कमी करण्याची होती. त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन. काहींत फिनॉल्फ्थॅलीनही सापडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी व्हायचं ना, तेच. पूर्वी रेचक म्हणून विकलं जायचं, कर्करोगाच्या शंकेनं मागे घेतलं.

तुमच्या बाटलीत तेच आहे असं मी म्हणत नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. पण लेबलावर रसायन लिहिलेलं नाही हा पुरावा धरू नका. भेसळ करणारा ती लेबलावर छापत नाही.

निसर्गमित्र_७:

झालं सुरू. केमिकलवाल्यांच्या पोटावर पाय आला की हेच ऐकायला मिळतं. मॅडम, सुरुवातीला शरीर विष बाहेर टाकतं तेव्हा असा त्रास होतोच. तीच तर खूण आहे. जे मातीतून उगवतं त्यानं अपाय होत नाही. कोर्स पूर्ण करा.

काउंटरमागचा:

मित्रा, कण्हेर मातीतूनच उगवते. खाऊन बघ म्हणणार नाही.

बेल्जियमची गोष्ट सांगतो. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमधल्या तरुण बायकांची मूत्रपिंडं भराभर निकामी व्हायला लागली. चिनी वनौषधींच्या मिश्रणात एका मुळीच्या जागी दुसरीच आली होती, अ‍ॅरिस्टोलोकिया. चिनी नावं सारखी असल्यामुळे घोटाळा झाला. शंभरावर रुग्ण निघाले, कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. मूत्रपिंडं बिघडवली ती त्या मुळीनं. तीही मातीतूनच उगवलेली.

‘त्रास होतोय म्हणजे विष निघतंय’ याची तर मला चीड येते. त्रास झाला तरी औषध चालू, नाही झाला तरी चालू. मग थांबायचं कधी? विष काढायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतातच. बरं, उलट गोष्ट ऐक: हिरव्या चहाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून घेतला तर त्यातलं ईजीसीजी नावाचं कॅटेचिन (चहातलंच एक द्रव्य) दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे लिव्हरला जड जाऊ शकतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. कपातल्या चहाला ते घाबरत नाहीत, कॅप्सूलला घाबरतात.

पोटार्थी_बोरू:

नावाप्रमाणे पोटासाठी लिहितो. तीन वर्षं अशाच जाहिराती लिहिल्या, एका लहान एजन्सीत. तुमचं ते १४:३२ वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

तो आकडा मुद्दाम ‘वाकडा’ ठेवतात. १५ मिनिटं लिहिलं तर कुणीतरी ठरवलंय असं वाटतं, १४:३२ म्हणजे वेळ खरंच पळतेय. पान उघडलं की घड्याळ पुन्हा तिथूनच सुरू होतं.

आधी-नंतरचे फोटो मी स्वतः उभा राहून काढून घेतलेत, एका दुपारी, एकाच माणसाचे. आधी पोटभर पाणी पाजायचं, खांदे पाडायला सांगायचे, वरून पांढरा भगभगीत उजेड, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. दोन तासांनी केस नीट, बाजूनं पिवळसर उजेड, अंगाला किंचित तेल, घट्ट पँट जरा वर ओढलेली आणि श्वास आत. ‘धर, धर, धर… सोड.’ त्या ‘धर’ आणि ‘सोड’च्या मध्ये आठ किलो जायचे.

भाषेचं सांगतो, ती माझी बाजू. ‘१० किलोपर्यंत’ मध्ये ‘पर्यंत’ हा शब्द पगार खातो. शून्य किलोसुद्धा दहापर्यंतच येतं. ‘सिद्ध’ लिहायचं नाही, ‘क्लिनिकली टेस्टेड’ लिहायचं. टेस्ट कसली, ते कुणी विचारत नाही. आमच्या एका मालाची टेस्ट त्वचेवर पुरळ येतं का एवढीच होती, आणि माल पोटात घ्यायचा! ‘टॉक्सिन’ चं नाव कधीच लिहायचं नाही, कारण नाव लिहिलं की ते रक्तात मोजता येतं. आणि तुमच्या जाहिरातीत दहा किलोच्या शेजारी जी चांदणी आहे ना, तिचा पाठलाग करा. पानाच्या तळाशी राखाडी अक्षरात ‘संतुलित आहार व नियमित व्यायामासह’ असं निघेल. वर व्यायाम नाही, खाली व्यायामासह.

‘संशोधन’ हवं असेल तर तेही मिळतं. ग्रीन कॉफीच्या बियांचा बोलबाला आठवतोय? त्यामागचा २०१२ चा अभ्यास उणेपुरे १६ जणांवर होता, आणि २०१४ मध्ये लेखकांनी तो मागे घेतला, आकड्यांची खात्री देता येत नाही म्हणून. आमचं ‘संशोधन सांगतं’ त्यानंतरही चालूच होतं. मागे घेतलेल्याची जाहिरात कोण करणार!

अमेरिकेच्या व्यापार आयोगानं माध्यमांसाठी सात दाव्यांची यादी काढली आहे, यातला एक जरी दिसला तरी जाहिरात छापू नका म्हणून. काहीही खा, कितीही खा. औषध सोडल्यावरही वजन वाढणार नाही. सगळ्यांनाच गुण येतो. नुसतं अंगाला लावा किंवा बांधा. आमच्याकडे ती यादी भिंतीवर होती. का, ते सांगायला नको.

भाचा_शास्त्रज्ञ:

थोडं अवांतर. आमच्या मामीनं तळपायाला चिकटवायचे डिटॉक्स पॅच आणले होते. सकाळी काढले की काळपट तपकिरी, ‘बघ केवढं विष निघालं’. मी एक न वापरलेला पॅच उकळत्या किटलीच्या वाफेवर धरला. तोही तपकिरी. मामी म्हणाली, किटलीतही विष असेल. मी घराबाहेर आहे सध्या.

हिशेबनीस:

अठरा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. बीपी १५४/९६, आयुष्यात पहिल्यांदा. पोटॅशियम ३.१, खालची मर्यादा ३.५. ईसीजी वेगानं चालणारा, बाकी ठीक, लिव्हर ठीक. डिप्रेशनची गोळी चालू आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. सिब्युट्रामिनबरोबर ती गोळी घातक ठरू शकते म्हणाले. नशीब, नव्हती. पाचव्या रात्री सलग झोपले. आता नाडी ७८.

वही पुढे चालू ठेवली होती. ७५.२ होतं, बंद केल्यावर चौथ्या दिवशी ७७.१, आज ७७.८. म्हणजे काउंटरमागचे दादा, तुमचा ताळेबंद जुळला. ०.८ किलो एवढीच खरी वजावट, तीही बहुधा न जेवल्याची.

चांदणीचा पाठलाग केला. पानाच्या अगदी तळाशी, बोरूदादा, शब्दन् शब्द तोच. फक्त ‘संतुलित’ च्या जागी ‘समतोल’.

विक्रेत्याला त्रास कळवला तर उत्तर आलं, ‘अभिनंदन, शुद्धीची प्रक्रिया सुरू झाली आहे’, आणि पुढच्या कोर्सवर सवलत. निसर्गमित्र, तुमचंच वाक्य होतं, म्हणून विचारते: तुम्ही हे विकता का? राग मानू नका, तपासनीस आहे, विचारायची खोड आहे.

औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार द्यायची आहे. उरलेल्या २२ कॅप्सूल आणि ११ पुड्या लेक कचऱ्यात टाकायला निघाली होती, मी अडवलंय. ठेवू ना?

काउंटरमागचा:

ठेवा. मूळ बाटलीतच, झाकण लावून, दुसऱ्या डबीत काढू नका. बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख दिसेल असा फोटो काढा, पैसे भरल्याची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. डॉक्टरांचे कागद झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. आणि तक्रारीत तुमच्या वहीचं ते पान जरूर लावा, तारखांसकट.

हिशेबनीस:

स्क्रीनशॉट आत्ताच काढला. १४:३२.