टॅब ठीक हाय, पण थोडी थेअरी लागतेच

वर एका भाऊनं लिहिलं का गिटारचा टॅब (कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटवर, म्हंजे दांडीवरच्या खान्यात, बोट ठेवायचं ते आकड्यात लिहिलेलं) पाहून गाणं वाजते तं स्केल अन् थेअरी कायले शिकायची. वाजते ना, मान्य. पण आमच्या गावातल्या भजन मंडळात पेटीवाले बुवा बसल्या बसल्या म्हणतात "काळी चार", तिथं टॅब काय करीन? काळी चार म्हंजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरायची, ती जी शार्प; पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा अन् जी मधल्या कॉर्डचे शेप (बोटांच्या ठेवणी) धरा, झालं. हे माहीत नसलं तं खंजिरी वाजवत बसा मंग.

आता ए मायनर पेंटॅटॉनिक ही पाच सुरांची स्केल घ्या, पाचव्या फ्रेटवरचा तिचा बॉक्स (बोटांचा ठरलेला नमुना) सगळेच घोकतात. सूर ए, सी, डी, ई, जी. ए ले सा धरलं तं सा ग म प नी, ग-नी कोमल, म्हंजे धानी राग. बोटं तिथंच ठेवा, फक्त सी ले सा माना, का झाला भूप राग! सूर तेच पाच, टेकायचं कुठं ते बदललं, अन् मांगून कोणी आधी ए मायनर अन् मंग सी कॉर्ड धरली तं फरक लगेच कानाले समजते.

नोटेशन (सुरांची लिपी) वाचणं मात्र सध्या राहू द्या. स्केल नुसती वरखाली पळवण्यापेक्षा भूपातल्या ओळखीच्या भजनाची चाल त्या बॉक्समधी शोधून पाहा.