व्हिसाची यादी बघून ट्रेड निवडावा का?

वाळव्याचा वाटसरू

भाचा बारावी सायन्स, ५८ टक्के. सांगलीतल्या एका क्लासवाल्याने बहिणीला गाठलं. सहा महिन्यांचा ‘एआय आणि डेटा’ कोर्स, दीड लाख फी आणि ‘पुढे जर्मनी पक्की’. बहीण सोनं मोडायला निघालेली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन कर, संध्याकाळी जर्मन शीक.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कामाला बाहेर माणूस मिळत नाही, म्हणजे जे परदेशांच्या व्हिसाच्या यादीत आहे, तेच शिकावं, आवडीनिवडी पोट भरल्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल कामगारांचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. आणखी काय पाहिजे? तुम्हाला काय वाटतं?

उंटावरचा शहाणा

साफ असहमत. यादी बघून ट्रेड घेणं म्हणजे गेल्या वर्षीचा भाव बघून यंदा कांदा लावणं.

ब्रिटनने २०२२ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी दार उघडलं. लोकांनी कर्ज काढून, जमिनी विकून ते गाठलं. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरती बंद. कॅनडाने २०२३ मध्ये वाहतूक क्षेत्रातल्यांना कायमचं राहता यावं म्हणून वेगळ्या सोडती ठेवल्या, २०२५ मध्ये तो गटच काढला आणि शिक्षण क्षेत्र आत घेतलं. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (तिथला नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर लावले.

भाच्याचा हिशेब करा. आयटीआय दोन वर्षं, अनुभव दोन वर्षं, भाषेला वर्ष. पाच वर्षांनी यादी काय असेल ते तुम्ही सांगणार का? आणि ९०,००० ही वरची मर्यादा आहे हो, नेमणूकपत्रं नव्हेत. करारावर सही झाली म्हणून कुणी विमानात बसत नाही.

वाळव्याचा वाटसरू

कांद्याचं मान्य. पण जर्मनीत साठच्या दशकात जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होतेय, ती काही यादी बदलली म्हणून पुन्हा तरुण होणार नाही. घरातली वायरिंग कोण करणार?

नेकारकाठची

वाटसरूदादा, मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सात वर्षं आयसीयूत काढली, आता स्टुटगार्टजवळ आहे. तुम्ही दोघंही यादीवर भांडताय. यादीने मला फक्त विमानतळाबाहेर आणलं.

यायला जर्मन भाषेची बी-वन पातळी, नर्स म्हणून मान्यता मिळवायला बी-टू. मध्ये दहा महिने मदतनीस होते. व्हेंटिलेटर सांभाळलेले हात आंघोळी घालत होते आणि पगारही मदतनीसाचाच. त्याची तक्रार नाही, आधी माहीत होतं.

माहीत नव्हती ती इथली बोली. पहिल्या आठवड्यात एक आजी पाण्याच्या ग्लासकडे बघून म्हणाल्या, ‘हेब’. क्लासात शिकले होते, हेबेन म्हणजे उचलणे. मी ग्लास झटकन वर उचलला. श्वेबिश लोकांत हेबेन म्हणजे धरणे! आजींचे हात थरथरायचे, त्यांना मी ग्लास नुसता धरायला हवा होता. अर्धं पाणी त्यांच्या गाऊनवर. आजी हसल्या म्हणून बरं.

तेव्हा ट्रेड कुठलाही घ्या, भाषेला ‘संध्याकाळचा क्लास’ म्हणू नका. आणि एजंटाबद्दल: केरळने २०२१ मध्ये आपल्या नोर्का संस्थेमार्फत जर्मनीशी नर्सांसाठी करार केला, त्यात नर्सकडून पैसे घेत नाहीत. आमच्या भागातल्या मुली मात्र लाखांत मोजतात.

फेज-न्यूट्रल

पंचवीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय, पोरंही शिकवतो. यादीवर भांडण्याआधी सर्टिफिकेट बघा.

मार्च २०२४ पासून जर्मनीत अनुभवावर जायचा रस्ता आहे. पदवीची समकक्षता सिद्ध करावी लागत नाही. पण अट अशी की आपल्या सरकारने मान्य केलेला किमान दोन वर्षांचा कोर्स हवा, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव हवा आणि पगाराची रेषा ओलांडायला हवी (२०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो, सामूहिक वेतनकरार असलेल्या ठिकाणी सूट). आता आयटीआयकडे या. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, फिटर दोन वर्षं. वेल्डर एक वर्ष, प्लंबर एक वर्ष. वेल्डर कितीही तरबेज असो, त्या एका वर्षाच्या कागदावर अडकतो. हे कुठला क्लासवाला सांगतो?

आणि हात नव्याने घडवावा लागतो. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल आणि निळी तिसरी फेज. तिथे निळी न्यूट्रल आणि काळी फेज. म्हणजे बरोब्बर उलटं. सवयीने काळी हातात धरली तर भाच्याला जर्मनीही दिसेल आणि स्वर्गही.

पेठेतली प्रोग्रामर

उंटावरच्यांशी सहमत, पण कारण वेगळं. क्लासवाल्याच्या कोर्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आयटीत पदवी नसतानाही जर्मनीचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) मिळू शकतं, हे खरंय. पण त्यासाठी गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा त्या दर्जाचा कामाचा अनुभव लागतो. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला तिथे कवडीची किंमत नाही. दीड लाख देऊन मुलगा रांगेत उभासुद्धा राहत नाही.

माझ्या मते चाकणला ज्याला उद्या काम मिळेल तेच शिकावं. व्हिसा मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तर मुलगा घरी बसत नाही. वाटसरूकाका, तुम्ही मुलाला यादीसाठी वाढवताय.

वाळव्याचा वाटसरू

चाकणला कंत्राटावर महिन्याला किती देतात ते जरा चौकशी करून लिहा ताई. चार पोरं एका खोलीत राहून घरी काय पाठवणार? पुण्यात बसून ‘इथेच शिक, इथेच रहा’ म्हणणं सोपं आहे. भाषेचं आणि दोन वर्षांचं मात्र पटलं. क्लासवाल्याला आजच नाही म्हणून सांगितलं.

उंटावरचा शहाणा

पगाराचा मुद्दा खरा आहे, तो खोडत नाही. पण एक विचारू का? सगळा धागा वाचला, भाच्याला काय करायचंय ते कुठेच नाही.

वाळव्याचा वाटसरू

काल रात्री धागाच त्याला वाचायला दिला. पोरगं म्हणतं, “मामा, मला आरएसी करायचंय. फ्रिज-एसीचं.” घरचा बंद पडलेला फ्रिज त्यानेच सुरू केला होता म्हणे, मला आज कळलं.

फेज-न्यूट्रल

आरएसी दोन वर्षांचा आहे. नियमात बसतो.

उंटावरचा शहाणा

जर्मनीत घरोघरी एसी असतात का पण?

नेकारकाठची

घरांत क्वचितच. जुलैत आम्ही पंख्यापुढे ओला टॉवेल लावून झोपतो. पण हीट पंप बसवतायत. २०२४ पासून नव्या हीटिंगमध्ये ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांची हवी असा नियम टप्प्याटप्प्याने आला, तेव्हापासून आमच्या गल्लीतच तीन बसले.

फेज-न्यूट्रल

हीट पंप म्हणजे उलटा बसवलेला एसीच. कॉम्प्रेसर तोच, गॅस भरायची विद्या तीच.

उंटावरचा शहाणा

आणि तो हीटिंगचा कायदा रद्द करू असं तिथल्या नव्या आघाडीने २०२५ च्या करारात लिहून ठेवलंय. बघा बुवा.

वाळव्याचा वाटसरू

शनिवारी अर्जाची मुदत संपतेय. पहिला पर्याय आरएसी, दुसरा इलेक्ट्रिशियन टाकतोय. नेकारकाठच्या ताई, ए-वनसाठी सांगली-मिरजेत कोण चांगलं शिकवतं ते व्यनित (खाजगी निरोपात) कळवा.