टार्लोव्ह सिस्ट निघालीये, ऑपरेशन करू की सोडून देऊ? सल्ला हवाय

गोधडी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. वय ४४. दीड वर्षापासून माकडहाडाच्या थोडं वर, डाव्या बाजूला दुखतंय. दुखतंय म्हणजे बसलं की दुखतं. वीसेक मिनिटं झाली की आतून कुणीतरी अंगठा रुतवून धरलाय असं वाटतं, मग मांडीच्या मागून मुंग्या. आडवी झाले की दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. मीटिंगमध्ये मी एका कुल्ल्यावर तिरकी बसते, लोकांना वाटतं बाई कंटाळली. सगळे म्हणाले गादी सरकली असेल, म्हणून एमआरआय केला तर गाद्या वयाच्या मानाने बऱ्या, आणि रिपोर्टच्या अगदी शेवटच्या ओळीत 'एस २ ला डावीकडे टार्लोव्ह सिस्ट, १८ बाय १३ मिमी' (एस २ म्हणजे त्रिकास्थीचा, माकडहाडाच्या वरच्या हाडाचा, दुसरा मणका). ऑर्थो म्हणाले असतात अशा बऱ्याच जणांना, विसरा. दुसऱ्या एका सर्जननी पाच मिनिटांत ऑपरेशनची तारीखच विचारली. आता विसरू की कापून घेऊ? कुणाला अनुभव आहे का?

फिरस्ता:
आधी घाबरणं थांबवा, ही कॅन्सरची गाठ नाही. नसेच्या मुळाला आवरण असतं, त्याच्या थरांमध्ये मेंदू-मणक्यातलं पाणी शिरून फुगा होतो, बस. टार्लोव्ह नावाच्या अमेरिकन न्यूरोसर्जननी १९३८ मध्ये शवविच्छेदनाच्या अभ्यासातून या पहिल्यांदा नोंदवल्या, म्हणून हे नाव. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या एमआरआयमध्ये शंभरातल्या काही जणांना सहज सापडतात आणि बहुतेकांना त्या जन्मभर काही करत नाहीत. म्हणजे तुमचे ऑर्थो चुकीचं बोलले नाहीत. पण ज्याला वीस मिनिटं बसता येत नाही त्याला 'विसरा' सांगणं म्हणजे उत्तर नव्हे.

मनमौजी:
गाठ विरघळवणारा लेप मिळतो म्हणे.

फिरस्ता:
@मनमौजी ती हाडाच्या आत, नसेवर आहे हो. लेप पोचणार कुठून तिथे?

एकलव्य२२:
माझी उलट गंमत. माझ्याही रिपोर्टात हीच सिस्ट, उजवीकडे. सहा महिने मी तिला शिव्या घालत होतो, नेटवर रात्र रात्र वाचत बसायचो. शेवटी एका डॉक्टरनी सरळ हातानी तपासलं (हे आधी कुणी केलंच नव्हतं!), एसआय जॉइंटमध्ये (त्रिकास्थी आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा) इंजेक्शन दिलं आणि दुखणं त्याच दिवशी निम्म्यावर आलं. दुखत होता सांधा. सिस्ट आहे तिथेच आहे, सुखात नांदतेय. तेव्हा फोटोत दिसली म्हणजे तीच चोर असं धरून चालू नका.

सावली_५१:
मी ऑपरेशन झालेली, म्हणून सविस्तर लिहिते. माझी २ सेंमीच्या वर होती. आधी सीटी बघत सुईने पाणी काढलं. तीन आठवडे स्वर्ग! जेवायला खुर्चीवर बसले तर घरातले बघतच राहिले. मग परत भरली, दुखणंही परत. निराश झाले पण सर्जन म्हणाले, उलट बरं झालं, आता नक्की कळलं की दुखणं हिचंच आहे. नुसतं पाणी काढलं तर बहुधा परत भरते, म्हणून काही ठिकाणी फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनाचा डिंक) भरतात, त्यात मेंदूच्या आवरणाला सूज यायचा धोका असतो, तो विचारून घ्या.
ऑपरेशनचं म्हणाल तर ही साध्या गाठीसारखी उपटून काढता येत नाही, कारण नसेचे तंतू तिच्या भिंतीत किंवा आतच असतात. उघडतात, पाणी काढतात, भिंत आवळून शिवतात. मला नंतर पाणी झिरपलं, उठून बसलं की डोकं फुटायचं, दोन आठवडे सपाट पडून होते. आज दीड तास बसते, आधी पंधरा मिनिटं होती. मुंग्या काही गेल्या नाहीत. पस्तावले का? नाही. पण पाच मिनिटांत तारीख मागणाऱ्याकडे मी गेले नसते. 'अशा किती केल्यात, किती जणांना फरक पडला' हे तोंडावर विचारा.

टी२_उजेड:
एमआरआयच्या खोलीतच नोकरी आहे म्हणून बोलते. कमरेच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये त्रिकास्थी पूर्ण येतच नाही, खालचा भाग कापला जातो. त्रिकास्थीचा वेगळा, बारीक कापांचा एमआरआय मागा. टी २ फोटोत (पाणी उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) ती पांढरीशुभ्र थेंबासारखी दिसते. तिने शेजारचं हाड कोरलंय का, बाजूची नस ढकललीये का, ते रेडिओलॉजिस्टला लिहायला सांगा. तुमची बाजू जुळतेय, एस २ ची नस मांडीच्या मागच्याच भागाला जाते, आणि १५ मिमीच्या वरच्या त्रास देण्याची शक्यता जास्त धरतात. म्हणजे संशयाला जागा आहे, पण पुरावा अजून नाही. तो न्यूरोसर्जन आणि पेन स्पेशालिस्ट मिळून शोधतात, नस बधिर करून बघतात वगैरे. तोवर नसेच्या दुखण्याच्या गोळ्या आणि फिजिओ चालू ठेवतात. खोकताना, शिंकताना (तेव्हा आतल्या पाण्याचा दाब वाढतो) दुखणं वाढतं का?

फिरस्ता:
एक राहिलंच, लघवी अडकली किंवा शीवरचा ताबा गेला किंवा घोड्यावर बसताना खोगीर जिथे टेकतं तो भाग बधिर झाला तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.

गोधडी:
सगळ्यांचे आभार, खरंच. शिंकेचं विचारलंत आणि लख्ख आठवलं, शिंक आली की मी आधी दाराची चौकट पकडते, इतके दिवस त्याचा अर्थच लावला नव्हता. लघवीचं ठीक आहे. तारीखवाल्यांना नकार कळवलाय, त्रिकास्थीच्या एमआरआयची चिठ्ठी मागते आणि एसआय जॉइंट पण तपासायला सांगते. सावलीताई, उशी कोणती वापरता? मी मधे भोक असलेली आणली, त्याने जास्तच दुखतं.

सावली_५१:
भोकाची नको गं, मला पण तिने छळलं. मागची बाजू कापलेली मिळते, पुढे उतरती, ती बघ. आणि दुकानात वीस मिनिटं बसून मगच घे, लाजू नकोस.