मदत हवी आहे: गावाकडे असलेल्या बाबांना क्रेडिट कार्डाचा ओटीपी फोनवर सांगायची सवय लागली आहे, ती कशी मोडू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. आई-बाबा केज तालुक्यात गावी, मी नोकरीमुळे लातूरला. पेन्शन येते त्याच बँकेनं बाबांना क्रेडिट कार्ड दिलं. कार्ड त्यांचं, पण ऑनलाइन वापरते मी. आईची शुगरची औषधं, तपासायच्या पट्ट्या, लाइट बिल, उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या. बँकेत नोंदवलेला नंबर बाबांचा आणि तो साध्या बटणाच्या फोनमध्ये.

त्यामुळे पैसे भरायला बसले की आधी बाबांना फोन. घरात रेंज येत नाही, म्हणून बाबा माळवदावर चढतात. मेसेज आला की फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक आकडा मोठ्यानं वाचतात. खालून आई तो दिनदर्शिकेवर लिहून घेते, म्हणजे कॉल तुटला तर पुन्हा सांगता येतो. आमच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी सहा-सहा आकड्यांच्या ओळी आहेत.

मागच्या बुधवारी बाबांना एका माणसाचा फोन आला. "सर, तुमच्या लेकीनं औषध मागवलंय, पार्सल केजला आलंय. मेसेजमधला नंबर सांगा, पोरगा निघालाच आहे." बाबा माळवदावर गेले, मेसेज उघडला आणि सांगायला लागले. चार आकडे सांगून झाले अन् रेंज गेली. मग त्यांनी मलाच फोन लावला. "अगं, तुझ्या औषधाचा नंबर सांगायलो होतो, फोनच कटला. तुलाच सांगू का?"

मी काहीच मागवलं नव्हतं. पूर्ण मेसेज वाचायला लावला तर त्यात २३,७५० रुपये आणि कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक्स दुकानाचं नाव. रक्कम आकड्यांच्या आधीच लिहिलेली होती, पण बाबा मेसेजात फक्त ते सहा आकडेच शोधतात. कार्डाचा नंबर त्या लोकांकडे आधीच होता. तो कुठून गेला, अजून कळलेलं नाही. कार्ड तेवढ्यात बंद केलं, पैसे वाचले.

बाबांवर मी एका शब्दानं चिडले नाही. फोन आला, लेकीचं नाव निघालं की आकडे सांगायचे, हे मीच त्यांच्याकडून वर्षभर पाढ्यांसारखं घोकून घेतलंय. "बँकेवाल्यांना ओटीपी सांगू नका" हे त्यांना तोंडपाठ आहे. पण तो माणूस बँकेचा नव्हताच, तो लेकीच्या औषधाचा होता.

आता नवं कार्ड येईल, तेव्हा सुरुवातच नीट करायची आहे. बाबांना मधे न घालता दुसरी खातरजमा, म्हणजे हा ओटीपी, माझ्याकडे आणता येते का? बँकेत माझा नंबर लावावा का? एक मैत्रीण म्हणते, ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) घे, त्याला रेंजच लागत नाही. ते क्रेडिट कार्डाला चालतं का? आणि कार्डाच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आत्ता बाबांच्या जन्मतारखेवरून आहे, तो तर आजच बदलते.

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, मी बरीच वर्षं बँकेत काउंटरवर काढली आहेत. दोन दारं वेगळी धरा. एक पैसे देतानाचं, दुसरं कार्डाच्या खात्यात शिरतानाचं. सगळे पहिल्याचीच काळजी करतात. पण दुसरं उघडं राहिलं तर आत शिरलेला माणूस मर्यादा वाढवतो, परदेशी वापर चालू करतो.

बाबांच्या कार्डाला तुमचा नंबर लावू नका. कार्ड त्यांचं आहे, खर्चाचे मेसेजही त्यांनाच जायला हवेत. त्यापेक्षा तुमच्या नावानं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे बाबांच्याच कार्ड खात्यावरचं जोडकार्ड, घ्या. काही बँका त्याचा ओटीपी ॲड-ऑनवाल्याच्या नंबरवर पाठवतात, काही मूळ कार्डधारकाच्याच. अर्जावर सही करण्याआधी हे शाखेत विचारा, नाहीतर पुन्हा माळवद आहेच. मग बाबांच्या मूळ कार्डाचा ऑनलाइन वापर बंदच ठेवा. हे बटण आणि मर्यादा ठरवायची सोय २०२० पासून बँकांना द्यावीच लागते. परदेशी वापरही बंद करा, बाहेरच्या बऱ्याच संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे, तिथे तसं नाही.

एक कटू गोष्ट. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण ओटीपी स्वतः सांगितला तर तो निष्काळजीपणा धरतात, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या गळ्यात पडतं. म्हणून पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. नातेवाइकांना विचारत बसायचं नाही.

प्रतिसाद, परभणीहून

मैत्रीण बरोबर सांगते, पण अर्धंच. ऑथेंटिकेटर ॲप एक गुप्त किल्ली आणि फोनचं घड्याळ यांवरून दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतं, म्हणून त्याला ना सिम लागतं ना रेंज. फोनची वेळ मात्र आपोआप जुळणारी ठेवा, घड्याळ चुकलं की आकडाही चुकतो. कार्डानं पैसे देताना आपल्या बहुतेक बँका ते घेत नाहीत. तिथे ओटीपी, नाहीतर बँकेच्याच ॲपमध्ये मंजुरी. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमात एसएमएसशिवायच्या पर्यायांना मोकळीक आहे, तेव्हा शाखेत तेही विचारा.

ऑथेंटिकेटर लावा तो ईमेलला. पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते, काही बँका ओटीपीसुद्धा तिथे पाठवतात. ते लावताना राखीव कोड मिळतात, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. माझा फोन विहिरीत पडला होता, त्या कागदामुळेच ईमेल परत मिळालं.

बाबांच्या साध्या फोनचं एक बरं आहे, त्यात भलतं ॲप शिरत नाही. तुमचा फोन सांभाळा. आमच्याकडे पीएम किसानच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइली (फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या) येतात. उघडल्या की मेसेज परस्पर दुसरीकडे जायला लागतात, मग ओटीपी कुणाला सांगायचीही गरज उरत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले. ईमेलला ऑथेंटिकेटर लावला, खात्याचा पासवर्ड बदलला, राखीव कोड आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले.

बाबांशी ठरलं की यापुढे मीसुद्धा त्यांना ओटीपी विचारणार नाही, एकदाही नाही. माझ्या नावानं, माझ्या आवाजात कुणी विचारलं तरी फोन ठेवायचा. बाबा म्हणाले, "तुलाबी नाही सांगायचं म्हणल्यावर सोपं झालं की. कोण खरं कोण खोटं, ते ओळखत बसायचं कामच नाही." आईनं दिनदर्शिकेवरचे जुने आकडे खोडले, दुधाचे खाडे तेवढे ठेवले.

ॲड-ऑन कार्डासाठी सोमवारी शाखेत जाते. बाबांना केजपर्यंत यावं लागेल का, की त्यांच्या सहीचा अर्ज पुरतो? पॅन आणि आधार सोडून आणखी काय लागलं, हे कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणजे एका खेपेत काम होईल.