मदत हवी आहे: वहीचे पान पडद्यावर दाखवण्यासाठी आणि तास जपून ठेवण्यासाठी कोणती साधने घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत दहावीला भूमिती शिकवते. आमच्या एका माजी तुकडीने वर्गासाठी १५,००० रुपये दिले आहेत आणि ते कोणत्या साधनांवर खर्च करावेत, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. मोठा टच पॅनेल या रकमेत बसत नाही, त्यामुळे कृपया तो सुचवू नये. वर्गात १०२४ × ७६८ क्षमतेचा, फक्त व्हीजीए जोडणी असलेला जुना प्रोजेक्टर आणि एक बरा लॅपटॉप आहे.

मुख्य अडचण भौमितिक रचनांची आहे. वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढताना आधी केंद्र आणि तो बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढावा लागतो. फळ्यावरचा लाकडी कंपास नेमका त्याच वेळी सरकतो आणि टोक कुठे टेकवले आहे, हे ५२ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरून दिसत नाही. रचनेत तर तेच दिसायला हवे असते. म्हणून मी कॅटलॉगांच्या चवडीवर रबरबँडने फोन बांधून वही खाली धरण्याचा प्रयोग केला. त्यासाठी तपकीर गल्लीतून टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणि पुढे व्हीजीएचा कन्व्हर्टर आणला, परंतु पडदा काळाच राहिला. बऱ्याच खटपटीनंतर कळले की टाइप-सीचे भोक असलेला प्रत्येक फोन त्यातून चित्र बाहेर देतोच असे नाही, आणि माझा फोन देत नाही. शेवटी फोन घसरून कंपासवर पडला, तेव्हा वर्ग मनसोक्त हसला.

आता डॉक्युमेंट कॅमेरा, म्हणजे खाली ठेवलेल्या वहीचे चित्र वरून घेऊन पडद्यावर दाखवणारा कॅमेरा, घ्यावा असे वाटते. दुकानदार ८ मेगापिक्सेलचा घ्या म्हणतात, परंतु आमचा प्रोजेक्टर ८ लाख पिक्सेलसुद्धा दाखवत नाही, मग त्याचा उपयोग काय?

दुसरी गरज गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करण्याची आहे. टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये माझ्या आवाजापेक्षा पंख्याचा आवाज जास्त येतो. एकदा ३५ मिनिटांचे चित्रीकरण केले, ते सुमारे ४.४ जीबीचे झाले. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा असूनही त्याने ती फाइल घेतली नाही. फळ्याचे फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकते, तर पेन्सिलीचे पुसट कंस त्यातून गायबच होतात.

प्रतिसाद: लंबदुभाजक

बाई, मेगापिक्सेलबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पडद्यासाठी जास्तीचे पिक्सेल वाया जातात. पान स्थिरचित्र म्हणून जपायचे असेल किंवा त्याचा एखादा कोपरा मोठा करून दाखवायचा असेल, तेवढ्यापुरतेच ते कामी येतात. त्याऐवजी फोकस जागेवर रोखून धरण्याची सोय आहे का, ते पाहावे. ती नसेल, तर हात पानावर फिरला की कॅमेरा हातावर फोकस धरतो आणि कंपासचे टोक पुन्हा धूसर होते. वेबकॅमप्रमाणे यूएसबीने चालणारा कॅमेरा घेतल्यास लॅपटॉपवर वेगळे सॉफ्टवेअर सहसा लागत नाही. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झऐवजी ५० हर्ट्झ निवडा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

पेनड्राइव्हमध्ये बिघाड नाही. तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, मात्र त्याआधी आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या, कारण सगळे पुसले जाते. खरे तर चित्रीकरणाचा हट्ट सोडून फक्त आवाज रेकॉर्ड केलात तर प्रश्नच उरत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तुमचा ३५ मिनिटांचा पूर्ण तास ३४ एमबीच्या आत बसतो. त्याला पदराला लावता येईल असा साधा वायरचा कॉलर माइक पुरेसा आहे, पण फोनला हेडफोनचा गोल जॅक आहे का ते आधी पाहा. पंख्यावर उपाय एकच, माइक तोंडाजवळ.

व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आकार लहान करण्यासाठी त्यातले बारकावे कमी केले जात नाहीत आणि कंस शाबूत राहतात. आणखी एक: रेकॉर्डिंगमध्ये मुलांचे आवाज येणार असतील, तर पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. फोकस रोखण्याची गोष्ट एकाही दुकानदाराने सांगितली नव्हती. एक शंका राहिली: फुलस्केप वही उघडली की दोन्ही पाने अशा कॅमेऱ्यात मावतात का?

प्रतिसाद: लंबदुभाजक

ए-४ लिहिलेल्या कॅमेऱ्यात एकच पान मावेल, दोन्ही हवी असतील तर ए-३ लिहिलेला घ्या. रचना दाखवायला मात्र एकच पान बरे, पडद्यावर मोठे दिसते.

धागाकर्तीचे उत्तर

मग ए-४च. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वही आणि कंपास घेऊनच दुकानात जाते. तिथेच एक स्पर्शिका काढून पाहीन.