एकाच फोनवर शाळेचा ग्रुप आणि बीजीएमआय गेम, लॉक कसं करायचं?

मुलगा सातवीत, हडपसरला महापालिकेच्या शाळेत. शाळेबद्दल तक्रार नाही, बाई मनापासून शिकवतात, उलट नातेवाईकच 'अजून तिथंच का?' विचारत बसतात. प्रॉब्लेम असा की अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो, घरात मुलांसाठी वेगळा फोन नाही, बायकोचाच ॲन्ड्रॉइड आहे, आणि वही समोर उघडी ठेवून खाली मांडीत बीजीएमआय चालू असतं. मला वाटलं २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हे सगळं बंद होईल, पण तो पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे, ई-स्पोर्ट्सला तर उलट प्रोत्साहन. म्हणजे सरकारने आपल्या घरातली भांडणं आपल्यावरच सोडलीत!

गेम डिलीट केला तर परत टाकतो. फोनच्या डिजिटल वेलबीइंग सेटिंगमधला ॲपचा टायमर तोच काढतो, कारण फोनचा पिन त्याला माहितीये आणि आम्ही दोघं कामावर असताना अभ्यासासाठी तो द्यावाच लागतो. फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) बघितलं, पण फोनवर मेन अकाउंट बायकोचं आहे, यूपीआयपण त्यातच. नवीन फोन सध्या जमणार नाही, आणि 'मारून सांगा' वगैरे नको.

त्याच फोनवर दुसरा युजर करून त्याला फक्त व्हॉट्सॲप आणि अभ्यासाचे ॲप ठेवता येतात का, आणि तिथे प्ले स्टोअर कुणी बंद केलंय का?