आईबाबांसोबत माया शहरं : आठवड्यात काय बघावं, सोबत काय न्यावं?

रानवाट :
नमस्कार मंडळी. आईबाबा सांगलीहून आमच्याकडे डॅलसला आलेत. नाताळच्या सुट्टीत आठवडाभर मेक्सिकोत माया लोकांची जुनी शहरं बघायचा बेत आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना चिचेन इत्सा, उश्माल, पालेंके सगळंच हवंय. आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. आईला तिथल्या बायकांना भेटायचंय, आपल्याकडचं काहीतरी द्यायचंय. काय सुचवाल?

चाफा :
पालेंके लांब पडतं, या वेळी सोडाच. युकातान राज्याच्या राजधानीत, मेरिदात मुक्काम ठेवा. दोघांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम एकदा बघून घ्या.

माझं मत विचाराल तर उश्मालला अख्खा दिवस द्या. त्या डोंगराळ भागात नद्या नाहीत, उत्तरेकडे आहेत तशा पाण्याच्या नैसर्गिक विहिरीही जवळजवळ नाहीत. लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून जगत. म्हणून तिथल्या भिंतींवर चाक या पाऊसदेवाचे लांब नाकाचे मुखवटे जागोजागी दिसतात. जवळच्या काबाहला तर एका इमारतीचा अख्खा दर्शनी भाग त्याच मुखवट्यांनी भरलाय. बाबांना हे फार आवडेल.

चिचेन इत्साला दार उघडतानाच पोहोचा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. मोठ्या पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, त्यामुळे आईंना खाली राहिल्याची रुखरुख नको. चार बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५ होतात. पिरॅमिडच्या पायऱ्यांच्या कडेला पडणारी सापासारखी सावली मात्र मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास दिसते, डिसेंबरात नाही.

कोकणकडा :
मी पालेंकेच्या बाजूने बोलणार होतो, पण आठवडाच असेल तर चाफा म्हणतात तेच बरोबर. वेळ उरला तर कोबाला जा. अवशेष जंगलात लांब लांब विखुरलेत, पण आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळते. गुडघ्यांची सोय होईल.

जेवणाचं : बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, म्हणून 'सिन मान्तेका' (चरबी न घालता) म्हणायला शिका. 'सिकिल पाक' नक्की मागवा, भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची चटणी असते.

मोगरीण :
आईंसाठी लिहितेय. माया लोक संपलेले नाहीत. युकातानमध्ये लाखो लोक आजही घरी माया भाषा बोलतात, गावातल्या बायका भरतकामाचे उइपिल (सैल झगे) घालतात. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याच्याकरवी एखाद्या भरतकाम करणाऱ्या बाईंच्या घरी जायची परवानगी मागा. न विचारता फोटो काढू नका. कापड घ्यायचं तर त्यांच्याकडूनच घ्या, फार घासाघीस न करता.

न्यायला इरकलीचे किंवा खणाचे तुकडे उत्तम. विणीवर बोलायला भाषा फारशी लागत नाही. सुटं धान्य, बिया नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. राजगिऱ्याचे लाडू मात्र तिकडच्या बाजारात 'आलेग्रीया' नावाच्या वडीच्या रूपात भेटतील. राजगिरा मूळचा त्याच खंडातला, हे आईंनी तिथे सांगितलं की गप्पा सुरू होतील.

रानवाट :
मनापासून आभार. पालेंके रद्द, मेरिदा पक्कं. आईने ट्रंकेतून खणाचे तुकडे काढलेसुद्धा. उश्मालसाठी माया बोलणारा वाटाड्या मेरिदातून ठरवावा की तिथे दारावर मिळतो?

चाफा :
दारावर अधिकृत वाटाडे असतात. पण गावातल्या घरी जायचं असेल तर मेरिदात राहाल तिथल्या यजमानांना आधी विचारा, त्यांच्या ओळखीतून गेलेलं बरं.